किती हरवलं तर चालेल

पणजीच्या सल्लागाराने बारा पानी अर्ज दिलाय.
प्रश्न एक : काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल?
प्रश्न दोन : किती हरवलं तर चालेल?
पुढे चौकोन.
चौकोनात फक्त आकडा लिहावा.

मी साखळीच्या बाजारातल्या पतसंस्थेची हिशेबनीस.
आकड्यांना मी कधी घाबरले नाही.

गेल्या श्रावणात वाळवंटी रात्री दोनला बाजारात आली.
पंप आहेत म्हणाले होते.
पंपघरच पहिलं बुडालं.
सकाळी शटर ढकललं तर
खुर्च्या पाय वर करून पडलेल्या,
सर्व्हरमध्ये गाळ,
आणि त्याची नक्कल, जी मीच
दर शुक्रवारी न चुकता काढायचे,
त्याच कपाटात, खालच्या खणात.
जुळ्या बहिणी, एकाच विहिरीत.

रोहिदासबाब मळीक, आमचे चेअरमन,
गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले,
"लोकांना आता दाखवायचं काय?"

दाखवलं लोकांनीच.
हायस्कूलच्या व्हरांड्यात टेबल मांडलं
आणि पासबुकं यायला लागली,
तांदळाच्या डब्यातून, उशीच्या अभ्र्यातून,
एक तर लग्नाच्या शालूच्या घडीतून.
भिजलेली कुस्तोद पोदेर घेऊन जायचा.
त्याची भट्टी चढावर, पाणी तिथवर पोचलं नव्हतं.
पाव काढून ताव उतरला की
तो पासबुकं टोपलीत उभी लावायचा, पान पान सुटं करून.
परत यायची तेव्हा शाई फुटलेली,
पण वास पावाचा.
शंभर वेळा तरी मी हिशेब सोडून पान हुंगलं असेन.

सुशांती घाडी रोज बासष्ट दुकानं फिरते, पिग्मी गोळा करते.
मशीन दिलंय तिला, तरी पेन्सिलीने वहीत उतरवते.
"मशीन कुणाचं ऐकतं?" म्हणते.
वही गुरुवारपर्यंतच होती.
शुक्रवारी तिच्या मुलाची परीक्षा होती.

मग एकेक नोंद.
एक वही, दुसरी वही, माणसाचं तोंड.
रमाकांत च्यारी दोनदा आला :
"बाय, म्हज्या नांवार चाळीस रुपया चड पडल्यात."
एकाच्या पासबुकात दोन हजारांची शाई ताजी होती.
आम्ही तिघांनीही पाहिली.
लिहून घेतले दोन हजार.
तो अजून मला बघून रस्ता ओलांडतो.

नवव्या दिवशी ताळा बसला,
अकराशे सतरा रुपये सोडून.
पहिल्या चौकोनात मी "नऊ दिवस" लिहिलं.

मग खोडलं.
तिसऱ्या दिवशी मासळीवाली शाणू आली होती,
लेक म्हापशाच्या इस्पितळात, पाच हजार हवे होते,
तिचेच, आमच्याकडे ठेवलेले.
मी म्हटलं, थांब जरा.
सुशांतीने स्वतःच्या पर्सातून दिले.
त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.
शाणूचा चौकोन वेगळा असता.

बाकी अर्ज सोपा.
सर्व्हर माळ्यावर चढवला.
नक्कल आता रोज फोंड्याच्या शाखेत जाते.
दर पावसाआधी एकदा सगळं मुद्दाम बंद करून
पुन्हा उभं करून बघायचं, हेही ठरलं.
पहिल्याच खेपेला माळ्याची किल्ली सापडली नाही.

पान अकरा : पर्यायी जागा.
तिथे मी लिहिलं, कुस्तोदची भट्टी,
आणि विचारायला म्हणून संध्याकाळी गेले.
तो परातीत पीठ मळत होता, एकटाच.
मुलगा स्विंडनला, गोदामात रात्रपाळी करतो.
"विचारतेस कशाला? लिही," म्हणाला.
"फक्त नाताळापर्यंतचंच लिही."

हातातली पिशवी गरम होती.
सहा पाव मागितले होते, त्याने सात घातले.
अर्ज उद्या द्यायचाय.
पान अकरावर मी पेन्सिलीने
नाताळ लिहून ठेवलाय.