आंधळा, जपून उतरवणे

पट्टीवर एवढंच : सॅमसन. तैलरंग. स्पेन,
एकोणिसावं शतक. चित्रकार अज्ञात.
आणि मागे, चौकटीच्या लाकडावर, कुणा जुन्या कारकुनाची
पेन्सिलीतली मोडी :
'आंधळा. जपून उतरवणे.'

उतरवला. चौघांनी. कमाटीबागेतल्या मागच्या खोलीत ठेवला,
जिथं दुपारी चारला
पिंजऱ्यात मांस पडल्याचं ऐकू येतं.
यानेच कधी सिंह फाडला होता, नुसत्या हातांनी,
आणि मेलेल्या सिंहात मधमाश्यांनी पोळं केलं,
म्हणे त्यातलाच मध खात खात घरी गेला.
आता चार वाजता तो मान वळवत नाही.

मी कापसाचा बोळा थुंकीत भिजवतो.
(हसू नका. थुंकीइतकं सौम्य रसायन अजून निघालेलं नाही.)
रोज वीतभर वार्निश.
चहाच्या गाळासारखं काहीतरी बोळ्यावर येतं,
ते मी बरणीत साठवतो, का कोण जाणे.
तीन आठवड्यांत एक खांदा निघाला,
छातीवरून गेलेला काथ्याचा दोर,
आणि मानेवर, अगदी बारीक,
परत उगवू लागलेले केस.
पहारेकऱ्यांना दिसले नसावेत.
मलाही भिंग लागलं.

कमळीबेन राठवा फरशी पुसायला येते.
छोटा उदेपूरकडची. बादली ठेवून उभी राहिली.
'घंटी फिरवतोय?'
हो.
'पुरुष?'
हो. शिक्षा दिलीय त्याला. डोळे काढले आणि दळायला बसवलं.
ती जरा वेळ बघत राहिली.
'आम्हाला कुणी सांगितलंच नाही
की ती शिक्षा असते.'

मग जवळ येऊन, बोट न लावता :
'खुंटा खोटा धरलाय. असा धरला तर
पायलीभर दळेपर्यंत तळवा सोलून निघेल.
आणि दाणे कोण घालतंय?'

मी पाहिलं. कुणीच नाही.
दीडशे वर्षं दगडावर दगड.
पीठ नाही, सूप नाही, जमिनीवर एक कण नाही.
चित्रकाराने खांदे शिकून घेतले होते,
दंडाची एकेक शीर,
दळण मात्र कुणाला विचारलं नव्हतं.

गुरुवारी डाव्या कोपऱ्यातला काळोख सुटायला लागला.
पाळ्याच्या तोंडाशी एक फिकट डाग,
रुपयाएवढा.
कमळीबेन म्हणाली, हात आहे. लहान पोराचा. मूठ भरलेली.
मी म्हणालो, मागच्या कुणीतरी केलेली डागडुजी असेल,
ओल असेल, काहीही असेल.
'हात आहे,' ती म्हणाली, आणि बादली उचलली.

अहवालात लिहिलं :
'खालचा डावा कोपरा — अनिश्चित. काम थांबवले.'

बाहेर चार वाजले.
ओली फरशी वाळताना दिसलं,
पोछ्याचे सगळे फेरे गोल होते,
आणि एकाच दिशेचे.