जुडगा

सिनेमातल्या चुंबनाचा आवाज
मी माझ्याच मनगटावर काढते.
घड्याळ उतरवून, ओठ जरा ओले करून.
पडद्यावरची ती दोघं नुसती जवळ येतात,
बाकीचं पाप माझ्याकडे असतं.
चादरीसाठी जुनं पॅराशूट,
तिच्या घालमेलीसाठी चामडी हातमोजा,
माइकजवळ धरून सावकाश पिळलेला.

काचेपलीकडे लूत्स्यान बसतो, कानांवर हेडफोन.
माझ्या पोटातली गुरगुर त्याला कळते,
गिळलेला आवंढा कळतो.
"बोग्ना, परत एकदा," म्हणतो,
आणि हल्ली पहिल्याच वेळी नीट झालं
तरी म्हणतो.
का, ते मी विचारत नाही.
परत एकदा मनगट उचलते.

विटोल्डनं बावीस वर्षं वूचच्या गिरणीत माग चालवले.
डावा कान तिथेच राहिला.
रात्री तो उजव्या कुशीवर झोपतो,
चांगला कान उशीत दाबून,
मग मी कधी आले, कशी आले,
जिना चढताना मधेच किती वेळ थांबले,
सगळं बर्फावर पडल्यासारखं.
त्याला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो.
पूर्वी हे मी मैत्रिणींना तक्रार म्हणून सांगायचे.

शेवटच्या रिळात नवरा अवेळी घरी येतो.
दिग्दर्शकाला किल्ल्या हव्या होत्या.
स्टुडिओच्या पेटीत चाळीसेक जुडगे,
एकही खरा वाजेना.
तेव्हा मी पर्स उघडली.
दाराची, तळघराची, टपालपेटीची,
आणि एक, जिचं कुलूप आम्हाला कधी सापडलंच नाही.
वाजवल्या.
लूत्स्याननं हेडफोन काढून ठेवले.
परत एकदा म्हणाला नाही.

पहिल्या खेळाला विटोल्ड लग्नातला कोट घालून आला.
चुंबनं झाली. शेजारची बाई खुर्चीत सावरून बसली.
हा खोकल्याची गोळी चघळत स्वस्थ.
मग पडद्यावरच्या बंद दाराआड
किल्ल्या वाजल्या,
अख्खं थिएटर दचकलं,
आणि अंधारात याचा हात खिशाकडे गेला.
चाचपून पाहिलं. होत्या.
वाकला, आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात
तशा आवाजात म्हणाला:
"आपल्याच आहेत."

मागून कुणीतरी श्श केलं.
पुढच्या रांगेत लूत्स्यानची मान ताठ.
ऐकू तर त्याला सगळंच येतं.