फितीखालची जागा

उशीआ विचारते, गेल्या महिन्यात ऊन घेतलं होतं का?
हातात फॉर्म, डोक्यावर पांढरा दिवा,
नखं शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी.

घेतलं नाही, मी म्हणते.
ऊन काय कंबादोसच्या बाजारात वजनावर मिळतं?
ओहोटी लागली की आम्ही बेचाळीस बायका
गुडघाभर चिखलात उतरतो, दाताळी ओढत,
आणि ऊन हजेरी लावतं, न बोलावता.

ती हसत नाही.
कल्ले उचलून मासा बघतात तशी
माझी हनुवटी दोन बोटांत धरून दिव्याकडे वळवते.
रापलीय, म्हणते. आज नाही जमायचं.

मग समजावते, तिसऱ्यांदा, न कंटाळता:
यंत्र काळ्याच्या मागावर असतं.
केसातला काळा त्याला हवा, मुळाशी जाऊन जाळायला.
कातडीच काळवंडली
की त्याला कळत नाही केस कोण, कातडी कोण.
फोड येतात. डाग राहतात, कधी कधी वर्षभर.

टोपी घालत नाही का?

घालते की. रुंद काठाची, हनुवटीखाली फीत.
वरचं ऊन टोपी अडवते.
पण उतरत्या पाण्याचा आरसा होतो,
आम्ही चार तास त्याच्यावर वाकलेल्या,
आणि ऊन खालून येतं.
खालून येणाऱ्या उन्हाला कुठली टोपी?
क्रीमही लावते तू दिलेलं.
घामाबरोबर डोळ्यांत उतरतं,
चिखलाच्या हाताने एकदा पुसलं की संपलं.

सहा वेळांचे पैसे आगाऊ भरलेत मी.
नाताळात शिंपल्यांना भाव आला होता, त्यातले.
तीन झाल्या. उरलेल्या मार्चपर्यंत, नाहीतर बुडाल्या.
नोव्हेंबरात या, म्हणते, ऊन उतरल्यावर.

चार सेंटिमीटरपेक्षा लहान शिंपला
आम्ही कडीतून काढून पाण्यात परत टाकतो.
अजून वेळ नाही झाली, जा.
तशीच मी, खुर्चीवरून उठलेली.

बाहेर बाकावर माद्रिदची एक मुलगी,
सुट्टीवर आलेली, मधासारखी तपकिरी, रडवेली.
दिव्यांच्या पेटीत झोपून रंग आणलाय तिनं,
एका वेळेचे आठ युरो.
तिलाही परत पाठवलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.
तुमचा छान आलाय, ती म्हणाली. कुठल्या किनाऱ्यावर?
कामाच्या, मी म्हटलं.

आई रविवारी खिडकीशी बसायची,
फुटक्या आरशात, चिमटा घेऊन.
आम्ही आत गेलो की चिमटा अ‍ॅप्रनच्या खिशात.
चव्वेचाळीस वर्षांची मी,
तसाच खिसा शिवून घेतलाय.
यात लाज किती आणि सवय किती, मोजलेलं नाही.

थांबा, उशीआ दारातून हाक मारते.
माझी मान मागे करून पुन्हा बघते.
हनुवटीच्या खाली, फीत बसते तिथं,
दोन बोटं रुंद एक पट्टा
पिठासारखा गोरा, कानापासून कानापर्यंत.
इथं ऊन पोचलेलंच नाही, ती म्हणते, एवढं करता येईल.
आणि पहिल्यांदा हसते.

काळा चष्मा. थंड जेल.
ओल्या दोरीचा फटका बसावा तसे नऊ झटके,
आणि जळलेल्या केसाचा वास,
आमच्याकडे डुक्कर भाजतात त्या दिवसाचा.
वरची हनुवटी तशीच, काटेरी, नोव्हेंबरापर्यंत.
पैसे किती कापले विचारलं.
काही नाही, म्हणाली, याला काय पूर्ण वेळ म्हणायचं?

उद्या ओहोटी दहाला पाच कमी.
वहिनीकडे पडद्याचं कापड उरलंय, निळं, जाड.
आज रात्रीच मागून घेते.
नवी फीत शिवायची.
चार बोटं रुंद.