डावी अजून सुजलेली आहे

आमच्या घरात आरसा एकच, बेसिनवर,
आबांच्या दाढीच्या उंचीला ठोकलेला.
छाती बघायची तर प्लास्टिकच्या स्टुलावर चढावं लागतं,
आणि चढलं की डोकं जातं.

डॉक्टरांच्या फोटोंतही डोकं नव्हतं.
समोरून, डावीकडून, उजवीकडून.
हात कमरेवर. श्वास सोडा. पोट आत ओढू नका.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी म्हणालं, खांदे मागे घ्या,
आणि मी घेतले,
वाशीच्या त्या गारढोण खोलीत.

आज अकरावा दिवस.
नळ्या चौथ्या दिवशी निघाल्या.
जांभळं होतं ते कडेनं पिवळं पडतंय,
मार्केटात मागे राहिलेल्या पपईसारखं.
उजवी सपाट. जवळजवळ.
डावी अजून सुजलेली आहे,
की डावीत काही राहिलंय?
बोट दाबलं की खाली दोरीसारखं कडक लागतं.
दाबू नका, असं कागदावर लिहिलंय.
रोज दाबतो.
मोबाईलमध्ये कुलपातल्या फोल्डरात अकरा फोटो,
त्यांतला सातवा सगळ्यात बरा,
पण सातव्या दिवशी मोरीबाहेरची ट्यूब नवीन लावली होती.

आईनं शेजारी सांगितलंय, गाठ होती.
तसं खोटं नाही.
हौसाक्का दोन शहाळी ठेवून गेल्या,
म्हणाल्या, पोराला नजर लागली.
कसली नजर, आक्का.
नजर आठवीत लागली,
शेडगे सरांनी पीटीच्या तासाला दोन संघ केले,
एक शर्टवाला, एक उघडा, तेव्हा.
त्या दिवशी मला जे नाव पडलं
ते इथे लिहिणार नाही.
कोपरखैरण्यात अजून तिघांना ते आठवतं.
एकाचं मोबाईलचं दुकान आहे,
मी कव्हर घ्यायला घणसोलीला जातो.

दाबाच्या जाकिटाला तेवीस हुक.
एकट्याला लागत नाहीत, हात पुरत नाही.
आज आई बाजारात, म्हणून आबा आले.
तीस वर्षं आकड्यानं गोण्या ओढलेली बोटं,
तुर्भ्याच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यांतली,
मानेखाली उशीएवढा घट्टा.
उन्हाळ्यात ते खुशाल उघडे बसतात जिन्यात,
आणि मी बनियनवर बनियन, वर काळा शर्ट.
चौदाव्या वर्षी त्यांनाच विचारलं होतं.
वयात येताना होतं, म्हणाले, जाईल.
पुष्कळांचं जातंही.

एकेक हुक. तोंडानं मोजत.
बधिर आहे अजून, रुपयाएवढं, बोंडाभोवती.
त्यांचं बोट तिथे लागलेलं दिसलं,
कळलं नाही.
सोळाव्याला थांबले. डावीकडे बघत राहिले.
मी म्हणालो, सूज आहे.
म्हणाले, गोणी थप्पीला लावली की लगेच बसत नाही,
आतला माल रात्रभर आपली जागा शोधतो.
मग सतरा.

डॉक्टरांनी तीन महिने सांगितलेत,
खरा आकार सहाव्या महिन्यात,
तोवर निकाल लावू नका.
दोघांचे हिशेब जुळत नाहीत,
आणि मला रात्रभर तर रोजच जागं राहावं लागतं,
उताणं, दोन उशांवर.

ते गेल्यावर पुन्हा चढलो.
जाकीट कातडीच्या रंगाचं, आत सगळं दाबून धरलेलं,
आता काहीच ठरवता येत नाही.
फक्त खांदे दिसले. पुढे आलेले,
घरात कुणी बघणारं नसताना.
त्यांना अजून कळवलेलं नाही.

दारातून आईची हाक: स्टूल दे रे, मेथी निवडायचीय.
उतरलो.
आरशात डोकं परत आलं,
दाढी वाढलेली, केस एका बाजूला चपटे.
अकरा दिवसांत त्याच्याकडे बघितलंच नव्हतं.
आणतो, म्हणालं.