चौदा ते सतरा

शनिवारी संध्याकाळी फक्कीची पाटी घेऊन मी उतरतो
हुणशीकेरीच्या काठाला, आणि रेघा ओढतो.
एक गाडी, एक खण. अठ्ठावीस खण.
कंत्राटदार होनगेकरांनी पावलांनी मोजून दिलंय:
लांबी सहा, रुंदी तीन. वर त्यांचं एक वाक्य,
"भरमाणी, पाण्याला लागून लाव. लोकं पाणी बघायलाच येतात की."

येतात. रविवारी चारनंतर बेळगावच्या वाटेवर धूळ उठते.
केए बावीस, एमएच नऊ, मधूनच गोव्याची एखादी
टपावर ओले टॉवेल वाळत घातलेली.
काचा खाली होतात. कुंद्याचा डबा फिरतो,
पोरं पायडलच्या हंसासाठी रांगेत भांडतात,
शालाक्काच्या कढईत मिरची फुटते,
आणि कुणाचे तरी वडील, जन्मभर शहापुरात मागावर बसलेले,
गाडीतून उतरत नाहीत,
दार उघडं ठेवून नुसते पाण्याकडं बघत राहतात.
त्यांना कुठल्या तोंडानं सांगू, मागे घ्या म्हणून?

पण सातला दिवे लागतात.
निघणाऱ्या गाड्यांचे, सगळे एकदम, सगळे पाण्यावर.
लव्हाळ्यात काहीतरी हलतं
घशात अडकलेल्या खोकल्यासारखं,
आणि टिबुकल्या बुडतात त्या वर येईनात.
मी श्वास धरून बघितलंय. माझा आधी संपतो.

कॉलेजची विद्याश्री वही घेऊन येते, पक्षी मोजते.
मी पावत्या मोजतो.
कट्ट्यावर बसून आम्ही आकडे सांगतो एकमेकांना.
तिचे उतरत चाललेले, माझे चढत.
ती भांडत नाही. तेच जड जातं.

पंचायतीत बैठक झाली. अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये,
भांडण तेवढं एकाच भाषेत.
तारेचं कुंपण घाला. बाभळी काढून तिथं गाड्या लावा.
गाड्याच बंद करा.
"मग माझी भजी काय बगळे खाणार?" शालाक्का म्हणाली.
हसले सगळे. ठराव पुढच्या महिन्यावर गेला.

इकडच्या माणसाला रेघेचं काय कौतुक.
कोणीतरी लांब बसून ओढतं,
आपण सकाळी उठतो ते तिच्या ह्या अंगाला.
माझी बहीण त्या अंगाला, चंदगडात.
पण ही फक्कीची रेघ माझ्या हातातली,
फुटक्या पाटीतून सांडणारी,
पायानं पुसता येते.

गेल्या शनिवारी पुसली. चौदा ते सतरा.
तिथं उतार आहे, हिरवळ थेट पाण्यात जाते,
उन्हं कलली की जांभळ्या पाणकोंबड्या वर येतात
लांब बोटं उचलून उचलून,
नुकत्या पुसलेल्या फरशीवरून चालावं तशा.
बाकीच्या गाड्या उलट्या लावून घेतल्या:
पाठ पाण्याला, तोंड रस्त्याला.
"काय बघायचं मग, डांबर?"
म्हटलं, उतरून बघा की. दहा पावलं तर हाईत.
काही उतरले. काही निघून गेले, तेही खरं.
म्हाताऱ्यांची गाडी तेवढी सरळ लावली, एक नंबरात,
आणि त्यांच्या पोराला सांगितलं,
निघताना दिवा लावू नको, मी हातानं वाट दावतो.

रात्री होनगेकरांनी वही उघडली.
चार खण, वीस-वीस रुपये, पावती नाही.
"कुणाच्या गाड्या होत्या रे?"
"गाड्या नव्हत्या. पायी आलेली होती."
"कोण?"
मी पाण्याकडं बोट केलं. अंधार होता, काही दिसलं नाही.
ऐंशी रुपये पगारातून कापले त्यांनी. पेनानं लिहिलं.

आज परत शनिवार. फक्की ओल धरलीय, गुठळ्या झाल्यात.
तेरा ओढली. अठरा ओढायला वाकलो.
मध्ये चिखलात पावलं आहेत,
तीन बोटं पुढं, एक मागं,
होनगेकरांच्या मापात न बसणारी
आणि सरळ रेघेत अजिबात नाहीत.