पाचपैकी तीन

वासरांत लंगडी गाय शहाणी –
म्हण करणाऱ्याने तिचा खूर काही उचलून पाहिला नसणार.

मी पाहते. त्याचेच मला पैसे मिळतात, थोडे, उशिरा.
शीळफाट्यावरून आत, हसूराम मढवींचा तबेला,
एकशे चौदा संकरित गायी, सदा ओला कोबा,
मागे पारसिकचा डोंगर,
पुढे एकतीस मजल्यांचं, अजून खिडक्या न बसवलेलं काहीतरी.

पहाटेची धार झाली की एकेक गाय सोडायची,
दहा पावलं सरळ.
मी भिंतीला पाठ लावून आकडा लिहायचा.
पाठ सपाट, पाऊल मोकळं : एक.
चालताना कमान : दोन.
उभी असतानाही कमान : तीन.
चार म्हणजे पाय असा जपून टाकणं
की खाली कुणी निजलंय.
पाचासाठी माझी गरज नसते.
पाच कुणालाही दिसतो, दलालाला सगळ्यांत आधी.

गाय दुखणं दाखवत नाही.
तिच्या रक्तात अजून वाघ आहे,
आणि कळपात मागे राहणारीचं काय होतं
ते ती विसरलेली नाही,
इथे मागे फक्त टँकरचा हॉर्न वाजत असला तरी.

रामसजीवन धार काढताना
कपाळ तिच्या कुशीला टेकवून बसतो.
डोळे मिटलेले. मला वाटायचं, डुलकी.
एकदा म्हणाला, कजरी परसों से बायीं तरफ झुकती है.
माझ्या वहीत कजरी – बिल्ला चव्वेचाळीस सतरा – एक होती.
पाठ सपाट, पाऊल मोकळं.
पाचव्या दिवशी ती तीन झाली.

वहीत रकाने आहेत : वेत, दूध, वजन, खुराचा कोन.
कपाळाचा रकाना नाही.
सरांना विचारलं तर म्हणाले, मोजता येतं का?
मी म्हटलं, त्याला येतं.

पाइपांच्या खोड्यात तिला घेतलं, मागचा उजवा दोरीने वर.
चाकूखाली नखीचा पापुद्रा सुटत गेला,
जुन्या साबणासारखा,
आणि आत, टाचेच्या जरा पुढे,
डाळिंबाच्या दाण्याएवढं लाल.
कोबा असा आतून उगवतो.

उपाय साधा आहे. शेजारची निरोगी नखी धरायची,
तिच्या तळाला लाकडाचा ठोकळा चिकटवायचा.
ती उंच होते, सगळा भार घेते,
आजारी नखी अधांतरी, तिला काही आठवडे
जमीन माहीतच नसते.
एवढंच. बहिणीबहिणींत चालतं तसं.

“मंग दूद कवा येल?” मढवी.
मी म्हटलं, येईल, पण खाली रबर टाका.
त्यांनी त्या एकतीस मजल्यांकडे हनुवटी उडवली :
दोन वर्षांनी इथे पार्किंग.
रबर काय गाड्यांना टाकू?

त्याच आठवड्यात माझ्या नमुन्यातल्या सहा गायी
टेम्पोत चढून मुरबाडकडे गेल्या.
तक्त्यात त्यांच्यापुढे लिहिलं : वगळल्या.
चढताना कुणाचा कितवा आकडा होता, पाहिलं होतं मी.
लिहिलं नाही.

आज शेवटची चरवी भरली
आणि रामसजीवन उठला, गायीच्या कंबरेवर हात रोवून,
दोन हप्त्यांत उठावं तसा.
सव्वीस वर्षं उकिडवा.
चरवी घेऊन दुधाच्या खोलीपर्यंत गेला, तिथे थांबला,
उभा असतानाही –

मी पान उलटलं.

मग कजरी सुटली. तीन पावलं मऊ, चौथं लाकडाचं,
टक्.
कोब्यावर, त्या रिकाम्या खिडक्यांपर्यंत, टक्.
न वळता तो म्हणाला, आज सीधी है.
मी दोन लिहिला,
आणि समासात, रकान्यांच्या बाहेर, पेन्सिलीने :
रा. स. – सरळ.