हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आजोबा सिद्ध करायचे
की आपण जिवंत आहोत.
घोरपडीहून सायकलवर, पुढच्या दांडीवर मी,
बुडाखाली टॉवेलची घडी.
रेल्वेचं फाटक बंद असलं की उतरून
मालगाडीचे डबे मोजायचे, पुटपुटत, शेवटच्या डब्यापर्यंत.
सैनिक बोर्डाच्या व्हरांड्यात एक बाकडं, एक माठ
आणि त्यांच्यासारखेच सहा-सात म्हातारे,
दर वर्षी एखादा कमी.

कारकून पुकारायचा, ओहोळ शत्रुघ्न केरू!
आणि रेव्हरंड शद्रख केरूजी ओहोळ
उठून उभे राहायचे.
भरतीच्या दिवशी कुणा हवालदाराच्या कानात
शास्त्रातलं नाव मावलं नव्हतं.
दुरुस्त का नाही करून घेतलंत, मी एकदा विचारलं.
"गेला तो शत्रुघ्न, बाळा. आलो तो मी."
मग बराच वेळ चष्मा पुसत बसले.

इटलीत त्यांनी बंदूक किती चालवली, माहीत नाही.
खेचरं चालवली.
रात्री, चिखलातून, डोंगरावर.
चढताना दारूगोळा आणि पिठाची पोती,
उतरताना माणसं.
एवढंच सांगायचे. उतरताना माणसं.
खेचरांची नावं मात्र तोंडपाठ:
बिजली, ठमी, सुभेदारीण,
आणि एका डोळ्याने आंधळी कोंडाबाई,
जी कानाशी बोलल्याशिवाय पाऊल उचलायची नाही.

उपासना सुटली की देवळाच्या दारात सलाम घ्यायचे,
पांढऱ्या झग्याखाली टाचा आपोआप जुळायच्या.
प्रवचन लांबायचं.
उधळ्या मुलाचा बाप वाटेकडे डोळे लावून उभा राहिला
की आजोबाही तिथेच अडकायचे,
मुलगा काही घरी पोचायचा नाही,
आणि मागच्या बाकावरून सुलभामावशी
मनगटावरचं घड्याळ वर करून दाखवायची.

कुणाचं दफन असलं की आदल्या संध्याकाळी
कबरस्थानात जाऊन स्वतः खड्ड्यात उतरायचे,
मुरूम चिमटीत चोळून बघायचे,
कोपरे फावड्याने सरळ करायचे.
खणणारा यशवंत चिडायचा.
"तिकडे सगळं घाईत झालं रे," म्हणायचे त्याला.

शेवटच्या रात्री खाटेभोवती मंडळीचे वडील होते.
आजोबांनी डोळे उघडले नाहीत, पण स्पष्ट म्हणाले,
चल, चढ. थोडंच राहिलंय.
घाबरू नको, मी आहे ना धरून.
स्मरणसभेत उजगरेकाका म्हणाले,
पाळकसाहेब आपल्या आत्म्याशी बोलत होते,
सियोन डोंगर त्यांना समोर दिसत होता.
सगळे आमेन म्हणाले.
मीही म्हणाले.
कोंडाबाईचं नाव तिथे कसं काढणार?

नोव्हेंबरात मी एकटीच बोर्डात गेले.
माठाच्या जागी आता कूलर,
बाकड्यावर कुणीच नाही.
कारकून नवा, वयाने माझ्यापेक्षा लहान.
त्याने मृत्यूचा दाखला पाहिला, मग रजिस्टर,
मग परत दाखला.
"मॅडम, नाव जुळत नाही.
हे शद्रख वारलेत. आमच्याकडे शत्रुघ्न आहेत.
दोघं एकच, असं प्रतिज्ञापत्र लागेल."
आणि तोवर?
"तोवर आमच्या रेकॉर्डला ते हयात."

स्टॅम्पपेपर त्याच दिवशी आणला.
कपाटात आहे. तीन वर्षं झाली.